न निवलेली काच

ही गोष्ट खरी आहे.

पटली नाही तर सोडून द्या. पण जिथे हे घडलं ते घर माझ्या घरापासून दोन गल्ल्यांवर आहे. आणि जिच्या बाबतीत घडलं ती माझी सख्खी भावजय, कोर्लीन. खोटं रचायला जेवढी ताकद लागते, तेवढीसुद्धा तेव्हा तिच्या अंगात उरली नव्हती.

आणखी एक. असल्या गोष्टी रात्रीच घडतात अशी तुमची समजूत असेल तर ती बाजूला ठेवा. ही भर दुपारची आहे. मार्च महिना. वेस्ट व्हर्जिनिया, ओहायो नदीच्या काठावरचं आमचं ग्रीअर्स लँडिंग. वेळ रोज एकच.

साडेतीन.

कोर्लीनची ट्रूडी तेव्हा चार महिन्यांची होती. लोण्याच्या गोळ्यासारखी पोर, पण झोपेशी उभा दावा. रात्री दोन-दोन तासांनी उठायची आणि दिवसा झोपायचीच नाही. दुपारी एकला जे रडं सुरू व्हायचं, ते दिवेलागणीपर्यंत. डॉक्टर म्हणाले, पोटात वायू धरतो, सहा महिन्यांनी आपोआप थांबेल.

सहा महिने! आणि मध्ये आईने काय करायचं, ते कुणी सांगितलं नाही.

माझा भाऊ रॉयस बोटीवर. कोळशाने भरलेले तराफे ढकलत नदीने खाली जायचं. अठ्ठावीस दिवस पाण्यावर, चौदा दिवस घरी. त्या चौदा दिवसांत दोघं पाळी लावून पोरीला सांभाळत.

पाळी हा आमच्या गावचा शब्द. काचेचा कारखाना बंद पडून पन्नास वर्षं होत आली, पण शब्द गेला नाही. भांडी घासायची पाळी, कुत्रं फिरवायची पाळी, आजाऱ्यापाशी बसायची पाळी. आणि कारखान्याचा नियमही तसाच राहिला. बदलीचा माणूस आला की त्याने म्हणायचं, "तुझी पाळी भरली. आता माझी." मग पहिल्याने उठायचं. हे शब्द कानावर पडल्याशिवाय जागा सोडायची नाही. भट्टीपाशी कुणीतरी लागतंच.

पण रॉयस गेला की अठ्ठावीस दिवस कोर्लीनला हे शब्द म्हणणारं कुणी नसायचं. मी जायची अधूनमधून. पण माझीही नोकरी होती. आता वाटतं, जास्त जायला हवं होतं.

तिच्या घरामागे काचेचं टेकाड आहे. कारखान्यातली फुटकी, बिघडलेली काच सत्तर-ऐंशी वर्षं तिथे ओतत होते. आता वर गवत आणि झुडपं आहेत. मोठा पाऊस झाला की माती खाली येते आणि आतून रंग चमकतात. आमच्या गावात गुडघ्यावर व्रण नसलेलं माणूस सापडणार नाही.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात असाच पाऊस झाला. सकाळी कोर्लीन कचरा टाकायला मागे गेली. कुंपणाशी माती घसरून आली होती आणि त्या मातीत एक गोळा पडला होता.

मोठ्या संत्र्याएवढा. काचेचा. आतून पोकळ, पण दिसतो त्यापेक्षा जड. खालून गर्द हिरवा, वरून डाळिंबाच्या दाण्यासारखा लाल. मधोमध दोन्ही रंग एकमेकांत वळसे घेत गेलेले, पण मिसळलेले नाहीत. वर काचेचीच एक कडी.

एवढ्या वर्षांच्या ढिगातून आलेला. ना टवका, ना चरा.

तिने उचलला...

गोळा गरम होता.

उन्हाने तापला असेल, ती म्हणाली. मग तिने वर पाहिलं. आठवडाभर ऊन पडलंच नव्हतं.

पण दमलेलं माणूस अशा गोष्टींवर थांबत नाही. तिने तो धुतला, कडीत रिबीन ओवली आणि ट्रूडीच्या खिडकीला टांगला. पोर रंगांकडे बघून दोन मिनिटं गप्प बसली तर तेवढंच, एवढाच विचार.

त्या दुपारी एकला रडं सुरू झालं. तीनपर्यंत कोर्लीनने तिला खांद्यावर घेऊन स्वयंपाकघरापासून दारापर्यंत फेऱ्या मारल्या. मग तिला पाळण्यात ठेवलं, स्वयंपाकघरात आली आणि टेबलावर डोकं टेकलं. कानाशी बेबी मॉनिटर. त्यातून पोरीचं रडणं.

साडेतीन वाजले.

रडणं थांबलं.

हळूहळू नाही. नळ बंद केल्यासारखं.

मग मॉनिटरमधून झुलत्या खुर्चीचा आवाज यायला लागला. कुर्र... कुर्र... आणि एक पुरुषी आवाज. घोगरा. दमलेला.

"जा, पड जरा. माझी पाळी."

रॉयस आला वाटतं, असं तिच्या मनात आलं. आणि ती झोपली. टेबलावरच, गाल लाकडाला लावून.

जाग आली तेव्हा पाच वाजले होते. दीड तास! गेल्या चार महिन्यांत ती सलग दीड तास झोपली नव्हती. क्षणभर तिला इतकं बरं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं.

मग आठवलं...

रॉयस इथून पाचशे मैल खाली होता.

ती धावत गेली. ट्रूडी गाढ झोपली होती. पांघरूण दोन्ही बाजूंनी गादीखाली घट्ट खोचलेलं. कोर्लीन असं कधी खोचत नाही. खुर्ची स्थिर होती. फक्त तिचं तोंड पाळण्याकडे वळलेलं होतं. सकाळी ते खिडकीकडे होतं.

त्या रात्री रॉयसला फोनवर तिने सांगितलं. तो हसला. "म्हणजे मी नसताना घरात बाप्या ठेवलास? भांडी घासतो का तो? माझ्यापेक्षा बरा दिसतोय."

तीही हसली. आणि दुसऱ्या दिवशी साडेतीनची वाट बघत बसली.

हे तिने मला फार नंतर सांगितलं. मान खाली घालून. म्हणाली, "मला भीती वाटली नाही गं. खरं सांगू? त्याचे आभार मानावेसे वाटले. भीती वाटायलासुद्धा माणूस जागं असावं लागतं."

रोज साडेतीन. रोज खुर्ची. रोज तेच शब्द. ती झोपायची.

खुणा दिसत होत्या. ट्रूडीच्या जावळाला कोळशाच्या धुराचा वास. आमच्या गल्लीत कोळसा कुणी जाळत नाही. गोळा दुपारनंतर इतका गरम की रिबीन काळपट पडली. आणि तो आवाज...

तो आवाज दिवसेंदिवस जास्त दमत चालला होता. शब्दांच्या आधी जांभई यायची. खुर्चीची लय तुटायची. कुर्र... मग बराच वेळ काही नाही... मग पुन्हा कुर्र, दचकून जाग आल्यासारखं.

तिला ती लय ओळखीची वाटली. ती स्वतः पोरीला घेऊन रात्री तशीच झुलायची.

नवव्या दिवशी खुर्ची थांबली. पुन्हा सुरू झालीच नाही. मॉनिटरमधून फक्त एक श्वास येत होता. जड, खोल. झोपलेल्या माणसाचा.

बाहेर कोचावर पडलेल्या कोर्लीनला वाटलं, उठावं. डोळे उघडले नाहीत.

जाग आली ती शांततेने.

मॉनिटरमधून काहीच येत नव्हतं. पोरीचा श्वाससुद्धा नाही.

पाळणा रिकामा होता.

पांघरूण नव्हतं. तिने पाळण्याखाली पाहिलं. कपाटात पाहिलं. न्हाणीघरात पाहिलं. पुढचं दार आतून बंद, मागचं आतून बंद. हाक मारायला तोंड उघडलं आणि मिटलं. चार महिन्यांच्या पोरीला हाक मारून ती कुठून येणार?

मग तिला ऊब लागली. पायांना. स्वयंपाकघराकडून.

ओव्हनचं दार खाली उघडलेलं होतं. बटण अगदी मंद आचेवर. आणि त्या उघड्या दारावर एक पुठ्ठ्याचं खोकं. तिच्या स्वतःच्या बुटांचं, कपाटातलं.

खोक्यात ट्रूडी होती.

झोपलेली. गाल लालबुंद. श्वास चालू.

अंगाभोवती कापूस. कापसाखाली भांडी पुसायच्या फडक्यात गुंडाळलेली, कोमट केलेली एक वीट. बागेच्या कडेची.

कोर्लीनने पोरीला उचललं, ओव्हन बंद केला आणि तिथेच फरशीवर बसली. किती वेळ, ते तिला माहीत नाही. पहिला विचार भुताचा आला नाही. पहिला विचार आला तो हा...

मीच केलं का हे?

झोपेत. बाहेर जाऊन वीट आणली. कापूस काढला. आपल्या पोरीला आपल्या हाताने ओव्हनपाशी नेलं.

आई असाल तर तुम्हाला कळेल. अंगणात उभं असलेलं भूत परवडलं. स्वतःच्या हातांची भीती परवडत नाही.

आणि सांगणार कुणाला? डॉक्टरला सांगितलं असतं तर संध्याकाळच्या आत सरकारी गाडी दारात आली असती आणि ट्रूडीला घेऊन गेली असती. त्यांचं चुकलंही नसतं. बाळाला ओव्हनपाशी ठेवणाऱ्या बाईजवळ मीसुद्धा बाळ ठेवलं नसतं.

तीन दिवस ती झोपली नाही. साडेतीनला पोरीला छातीशी बांधून अंगणात उभी राहायची. हातातल्या मॉनिटरमधून आतली खुर्ची झुलताना ऐकू यायची.

चौथ्या दिवशी शनिवार होता. महिन्यातून एका शनिवारी आमच्या चर्चच्या तळघरात काच ओळखायची बैठक भरते. लोक आजीच्या बरण्या आणि आत्याचे दिवे घेऊन येतात आणि गावातली जुनी खोडं ते कुठलं, कधीचं, ते सांगतात. कोर्लीनने पोरीला माझ्याकडे दिलं, गोळा टॉवेलात गुंडाळला आणि गेली. तिला एवढंच हवं होतं. हे काय आहे, ते कुणीतरी सांगावं. म्हणजे दोष काचेचा की आपला, ते तरी कळेल.

टेबलामागे व्हर्जिल टॅकेट आणि नदीन बसले होते. व्हर्जिल शाळेत विज्ञान शिकवायचा. नदीन फुलदाण्यांतली जाणकार.

"आण बघू पोरी," व्हर्जिल म्हणाला. "आजीचा वारसा की मागच्या वर्षी बाजारातून आणलेला?"

"ऐकू नकोस त्याचं," नदीन म्हणाली. "गेल्या महिन्यात जॅमच्या बरणीला शंभर वर्षांची म्हणाला. तळाशी सुपरमार्केटचा शिक्का होता."

"प्रकाश कमी होता!"

"अक्कल कमी होती."

लोक हसले. व्हर्जिलने टॉवेल उघडला आणि हसू थांबलं.

त्याने गोळा उचलून उलटा धरला. बोटाने तळाचा खरखरीत भाग चाचपला. "हाताने फुंकलेला. इथून लोखंडी सळई तोडून वेगळी केलीय." मग जांभळ्या किरणांची विजेरी मारली. हिरवा भाग भुतासारखा पेटला. "जुना आहे. आपल्याच कारखान्याचा हिरवा. आणि हा लाल, तो काचेत सोनं घालून आणलेला. पण..."

"पण काय?"

"हे दोन एकत्र नांदत नाहीत, पोरी. निवताना एक काच जास्त आक्रसते, एक कमी. हा पहिल्याच रात्री तडकायला हवा होता."

त्याने काच तपासायच्या दोन काळसर पारदर्शक तावांच्या मध्ये गोळा धरला आणि मागून दिवा लावला. आत इंद्रधनुष्य पेटलं. पट्ट्यांवर पट्टे.

"रंग नाहीत हे. ताण आहे. काच भट्टीतून निघाली की तिला मंद आचेच्या भट्टीत तासन्‌तास निववावं लागतं. नाहीतर आतला ताण आतच राहतो. वरून धडधाकट. आणि मग चाळीस वर्षांनी, कुणी हात न लावता, खळ्ळकन. हा नीट निवलेलाच नाही. कुठे टांगलायस तू?"

"पाळण्याशेजारी," कोर्लीन म्हणाली.

व्हर्जिलने गोळा हळूच टॉवेलावर ठेवला.

"पण हे आहे काय?" तिने विचारलं. "कशासाठी केलेलं?"

व्हर्जिलने मान हलवली. "दाराची अडण नाही. मोजे रफू करताना आत घालायचा गोळा नाही. दिवा नाही. मला नाही माहीत."

"मला माहीत आहे."

आवाज कोपऱ्यातून आला. मिस एलोडी लँबियट. वय एक्याण्णव. कारखान्याच्या निवड-खोलीत तरुणपण गेलेलं. दिव्यापुढे काच धरायची आणि वैगुण्य शोधायचं. तिच्यापुढे मसालेदार मांस भरलेला पाव, पेपरोनी रोल होता, तो तिने बाजूला सारला आणि हात पुढे केले.

गोळा तिच्या हातात गेला. ती डोळे मिटून बसली.

"अजून गरम आहे," ती म्हणाली.

"काय म्हणता मिस एलोडी," नदीन म्हणाली, "मी आत्ता हात लावला. बर्फ आहे नुसता."

म्हातारीने तिच्याकडे पाहिलंच नाही. कोर्लीनचं मनगट धरून तिला जवळ ओढलं आणि फक्त तिला ऐकू जाईल असं विचारलं...

"खोक्यात ठेवलं का त्यांनी तिला? कापूस घालून? खाली वीट?"

कोर्लीनने विटेचं कुणालाही सांगितलं नव्हतं. मलासुद्धा नाही.

ती तिथेच खुर्चीत कोसळली आणि रडायला लागली. हुंदक्यांमधून एकच वाक्य. "मी नाही ना? मिस एलोडी, मी नाही ना केलं ते?"

"नाही पोरी. तुला कुठून येणार ते? ते माझ्या वडिलांना येत होतं."

मग एलोडीने सांगितलं. चर्चच्या पायरीवर बसून, गोळा मांडीवर घेऊन.

तिचे पापा ओमेर. त्यांची माणसं बेल्जियमहून आलेली, पिढ्यान्‌पिढ्या काच फुंकणारी. त्यांच्या घरात रीत होती. मूल झालं की पाळी संपताना बापाने भट्टीतल्या मडक्यांच्या तळाशी उरलेल्या काचेतून एक गोळा फुंकायचा. एका दमात. आणि गोळ्याचं तोंड बंद करायचं. तो पाळण्यावर टांगायचा. मूल स्वतःच्या पायांनी चालायला लागलं की बापानेच तो उंबऱ्यावर फोडायचा. तोवर बापाचा श्वास मुलाच्या उशाशी.

"माझी बहीण सातव्या महिन्यातच आली. माझ्या मुठीएवढी. डॉक्टर म्हणाला, ऊब द्या, दुसरं काही करता येणार नाही. आमच्या घरात वारा शिरायचा. मग पापा म्हणाले, जी काच घाईने निववली ती फुटते, हिलाही हळूहळूच आणायला हवं. बुटांच्या खोक्यात कापूस आणि कोमट वीट घालून त्यांनी तिला कारखान्यात नेलं. निववायच्या भट्टीच्या थंड टोकाला ठेवलं. सकाळी आई बसायची. साडेतीनला पापांची कामाची पाळी संपायची आणि तिच्यापाशी बसायची पाळी सुरू व्हायची. अकरा दिवस जगली ती. रंग धरत होती."

"मग?"

"शनिवारी आग मंद ठेवत. कुणालातरी कोळसा सारत राहावं लागे. त्या दिवशी मी पापांचा डबा घेऊन गेले. आठ वर्षांची होते. पापा भिंतीला टेकून झोपले होते. तोंड उघडं. शेजारी खोकं. हातात हा गोळा, त्याच दिवशी फुंकलेला, भट्टीत ठेवायचासुद्धा राहिलेला."

तिने गोळा मांडीवर फिरवला. रस्त्यावरून एक ट्रक गेला.

"मला वाटलं, किती दमलेत. झोपू दे. मी डबा ठेवला आणि चवड्यांवर परत आले. जाग येऊ नये म्हणून."

"मिस एलोडी, तुम्ही लहान होता..."

"चवड्यांवर," म्हातारी म्हणाली. "एवढी शहाणी पोर होते मी."

ओमेरला जाग आली तेव्हा आग खाली बसली होती. पुढचं तिने सांगितलं नाही. लागलंही नाही.

गोळा ओमेरने टेकाडावर भिरकावला. फुटल्याचा आवाज कुणी ऐकला नाही. त्यानंतर तो अकरा वर्षं जगला, पण अंथरुणावर कधी आडवा झाला नाही. खुर्चीत बसून डुलक्या घ्यायचा आणि दचकून उठायचा.

"त्यांच्या बदलीला कुणी आलंच नाही," एलोडी म्हणाली. "ऊठ पोरी. किती वाजले?"

दोन वाजून गेले होते.

माझ्याकडून ट्रूडीला घेऊन दोघी घरी गेल्या. गोळा पुन्हा खिडकीला टांगला. एलोडी म्हणाली, मूल पाळण्यात हवं, नाहीतर ते नुसते झुलत राहतील, झोपणार नाहीत. झोपले तरच त्यांना उठवता येईल.

"मी नाही ठेवणार तिला तिथे."

"तू दारात उभी राहा. तुझे डोळे तिच्यावर. हात लावावासा वाटला तर उचल. मी अडवणार नाही."

ट्रूडी रडत होती. कोर्लीन दाराच्या चौकटीला घट्ट धरून उभी. तीन सत्तावीस. तीन एकोणतीस...

रडणं थांबलं.

पोरीचे डोळे खुर्चीकडे वळले. आणि ती हसली.

खुर्ची झुलायला लागली. रिकामी. कुर्र... कुर्र... खोलीत कोळशाचा वास पसरला. मग ती लांब, जीव काढणारी जांभई. आणि शब्द.

"जा, पड जरा. माझी पाळी."

कोर्लीनच्या पापण्या जड झाल्या. तिने ओठ चावला. रक्त आलं.

खुर्ची मंदावली. कुर्र......... कुर्र.........

थांबली.

जड श्वास. झोपेचा.

तेव्हा मिस एलोडी आत शिरली. चवड्यांवर नाही. काठी आपटत. एकेक पाऊल दणदण वाजवत, एक्याण्णव वर्षांच्या पायांत जेवढा जोर होता तेवढा लावून.

"पापा! उठा!"

श्वास तसाच.

"पापा, मी डबा आणलाय. उठा. आग बघा."

श्वास अडकला...

खुर्ची एकदम पुढे झुकली. दचकून कुणी उठावं तशी. ट्रूडीचं पांघरूण आपोआप गळ्यापर्यंत सरकलं आणि बाजूंनी खोचलं गेलं. घाईघाईने. थरथरत.

"ती उबेत आहे," एलोडी म्हणाली. तिचा आवाज आता आठ वर्षांच्या मुलीसारखा झाला होता. "बघा, श्वास चालू आहे तिचा. पापा, तुमची पाळी भरली. आता माझी."

खोलीतून एक श्वास सुटला. लांब. इतका लांब की कोर्लीनला वाटलं, तो संपणारच नाही. पडदा हलला. काचेतून टिंग... असा बारीक आवाज आला.

मग वास गेला. खुर्ची मागे टेकली. ट्रूडीने भोकाड पसरलं.

कोर्लीन म्हणते, त्या रडण्याइतकं गोड काही तिने आयुष्यात ऐकलं नाही.

गोळा गार पडला होता. एलोडीने तो हातात घेतला, दिव्यापुढे धरला आणि जुन्या सवयीने फिरवून पाहिला. "निवला," म्हणाली. तेव्हा तिचा चेहरा इतका हलका दिसत होता की तिने पापांना म्हटलेल्या शेवटच्या दोन शब्दांकडे कोर्लीनचं लक्षच गेलं नाही.

माझं गेलं. पण फार उशिरा.

तीन आठवड्यांनी मिस एलोडी गेली. शनिवारी दुपारी, खुर्चीत बसल्या बसल्या. शेजारीण म्हणाली, झोपलीय असं वाटलं म्हणून उठवलं नाही.

त्यानंतर मे महिन्यात एकदा कोर्लीन कोचावर बसून ट्रूडीला दूध पाजत होती. दुपार होती. रॉयस पाण्यावर. रात्रभर जागरण. तिचा डोळा लागला.

कुणीतरी तिची बाही ओढली. लहान हाताने.

"उठा ना. ती पडेल."

कोर्लीनने डोळे उघडले. ट्रूडी मांडीवरून घसरून कोचाच्या अगदी कडेला आली होती. अर्धी बाहेर. तिने झडप घालून धरली.

खोलीत कुणी नव्हतं.

फक्त पावलं जाताना ऐकू आली. लहान मुलाची. टाचा मुद्दाम आपटत जाणारी.

तिने जाऊन गोळ्याला हात लावला...

गरम होता.

त्या दिवसापासून हे चालू आहे. रोज नाही. कोर्लीनचा डोळा लागला की. कधी बाही, कधी ॲप्रनची गाठ ओढली जाते. पोरीला ओरखडासुद्धा आलेला नाही. वाईट काहीच झालेलं नाही, हे मीही मान्य करते.

आता ऑक्टोबर आहे. ट्रूडीला अकरावा महिना संपत आला. गेल्या मंगळवारी तिने कोच सोडला आणि चार पावलं टाकली. कुणाचा हात न धरता. खिडकीकडे.

म्हणजे गोळा आता उंबऱ्यावर फोडायला हवा. रॉयस शुक्रवारी घरी येतोय. हातोडा तो मारेल.

पण आधी आत जी बसली आहे तिला उठवायला हवं. बदली आल्याशिवाय जागा सोडायची नाही, हा नियम तिच्या हाडांत आहे. कुणीतरी समोर उभं राहून म्हणायला हवं, तुमची पाळी भरली. आणि तेवढ्यावर भागत नाही. पुढचे दोन शब्दही म्हणावे लागतात. आता माझी.

एलोडीने म्हटले होते. तीन आठवड्यांत ती गेली.

वय झालं होतं, असं रॉयस म्हणतो. एक्याण्णव म्हणजे थोडं नाही. बरोबर आहे त्याचं.

काल कोर्लीन माझ्याकडे आली होती. ट्रूडी कडेवर, डोळ्यांखाली तीच काळी वर्तुळं. बराच वेळ इकडचं तिकडचं बोलली. मग म्हणाली, "मी म्हणू शकत नाही गं. मला ही आहे."

आणि माझ्याकडे बघत राहिली. मला मूल नाही.

मी अजून हो म्हटलेलं नाही.

जाताना तिने टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी माझ्या टेबलावर ठेवलं. शुक्रवारपर्यंत तुझ्याकडे राहू दे, म्हणाली.

टॉवेल मी उघडलेला नाही. पण त्याच्याखालचं लाकूड गरम लागतंय...